समाज बिघडला तो पुढाऱ्यांमुळेच का? ख्रिस्ती विचार काय सांगतो?

एकट्या पुढाऱ्यांमुळे नाही. बायबलातल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 8वा अध्याय वाचा: राजा लोकच मागतात. देवाचा संदेष्टा शमुवेल बजावतो, राजा तुमची पोरं लढाईला नेईल, चांगली शेतं आपल्या चाकरांना देईल, पिकाचा दशमांश घेईल. तरी लोक हट्ट सोडत नाहीत! आमच्या सांगलीत चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारेही आपणच की. येशूची कसोटी मार्क 10 मध्ये आहे: मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत दवाखाना उघडला तो याच वाटेने. पण सेवा म्हणजे गप्प बसणं नव्हे; नाथान या संदेष्ट्याने दाविद राजाला गरिबाचं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून ‘तो माणूस तूच’ असं तोंडावर सुनावलं. आणि हो, चर्चच्या कमिट्यांनाही हेच लागू, खुर्चीचं वेड तिथेही कमी नाही.