बांधावरची मारामारी आणि लंडनचा व्हिसा

प्रश्न : २०१२ साली बांधावरून झालेल्या मारामारीत भादंवि ३२३ (साधी दुखापत करणं) खाली मला कोर्ट उठेपर्यंत कैद आणि ५०० रुपये दंड झाला. दंड त्याच दिवशी भरला. आता मुलगी लंडनला बाळंत होणार आहे, आम्हा दोघांना जायचंय. व्हिसाच्या अर्जात ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ असं विचारतात. एजंट म्हणतात, ‘नाही’वर खूण करा, कुणाला कळतंय? काय करावं?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : ‘होय’च लिहा. १२ महिने किंवा जास्त तुरुंगवास झालेल्याला ब्रिटन पाहुण्याचा व्हिसा नाकारतं. त्याहून कमी कैद असेल तर ती संपून, आणि नुसता दंड असेल तर दोषी ठरल्यापासून, १२ महिने उलटलेत का ते बघतात. तुमची संपून दहा वर्षं होऊन गेली. लपवलेलं सापडलं, तर मात्र अर्ज फेटाळून वर १० वर्षं बंदी येते. एजंटाचं काही जात नाही. अर्ज तुमच्या नावावर असतो.

ज्या कोर्टानं निकाल दिला, तिथल्या नक्कल विभागात खटल्याचा क्रमांक आणि वर्ष घालून निकालपत्राच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. किरकोळ खटल्यांचे कागद काही वर्षांनी नष्ट करतात. तसा शेरा मारून अर्ज परत आला, तर तो जपून ठेवा, तोच पुरावा. निकाल मराठीत असला तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि घोळ इथंच होतो. नुसता शिक्का चालत नाही. भाषांतर अचूक असल्याचं लेखी निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर हवा. सोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा : कलम, निकालाची तारीख, शिक्षा, दंड भरल्याचा दिवस. बांध कुणी कोरला, आधी हात कुणी उगारला, हे त्यात नको.

तुमच्या पासपोर्टला या शिक्षेची आडकाठी नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातली अट गेल्या ५ वर्षांतल्या, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातल्या किमान २ वर्षांच्या शिक्षेची आहे.

भावकीतला दुसरा फौजदारी खटला अजून चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तोही व्हिसाच्या अर्जात सांगावा लागतो. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं तर केंद्र सरकारच्या २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी लागते. वकिलांना सांगून आदेशात पासपोर्टची मुदत स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो.