असे सुचवण्यात आले

सोलापूर,
जूनचा पहिला आठवडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लूम, म्हणजे माग, कितीदा थांबतो ते मोजणाऱ्या उपकरणावरचा तुझा अठरा पानांचा अहवाल आणि पुण्याची संस्था व कारखानदार यांच्याबरोबरच्या सामंजस्य कराराचा मसुदा, दोन्ही वाचले. अहवाल चांगला झालाय. करार मात्र कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून उचललेला दिसतो. ‘उभय पक्षांनी परस्पर संमतीने ठरवावे’ हे वाक्य त्यात पाच ठिकाणी आहे, म्हणजे पाच गोष्टी ठरलेल्याच नाहीत. यावर फोनवर तू हसलास आणि म्हणालास, ‘मॅडम, उपकरण अजून धड चालत नाही आणि पेटंटची वाटणी कसली करताय? बाजारात तुरी...’ अरे, तुरी बाजारात आहेत तोवरच बोलून घ्यायचं असतं. त्या घरात आल्या की भट-भटणी बोलत नाहीत, वकील बोलतात.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नव्वदच्या दशकात बाहेरच्या एका संस्थेबरोबर आमचा संयुक्त प्रकल्प होता, सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावून वाळवायच्या मशिनवर. सहा पुरुष आणि मी. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, तुमचं अक्षर छान आहे, इतिवृत्त तुम्हीच लिहा.’ मी खूश होऊन वही ओढली, ती दोन वर्षं सोडली नाही. वाळवणाऱ्या सिलिंडरचं तापमान मोजत बसण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या सुताची ओल थेट मोजावी, हे माझं म्हणणं होतं आणि प्रकल्प शेवटी त्यावरच उभा राहिला. निबंध छापून आला तेव्हा माझं नाव शेवटी, आभारात, टंकलेखकाच्या शेजारी. भांडायचं ठरवून मी वही काढली. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘सुताची ओल थेट मोजावी असे सुचवण्यात आले.’ कुणी सुचवलं? वहीत नाही. इतिवृत्त कर्मणी प्रयोगात लिहायचं, ही आपली सरकारी रीत. तिच्यापायी माझी कल्पना मीच घडी घालून त्यांच्या हातात दिली होती. भांडायला गेले नाही.

तुझ्या प्रकल्पाची इतिवृत्तं मी पाहिली. पाचही बैठकांची, एकाच हाताची. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतला प्रोग्राम, जी मुलगी लिहिते तिचाच हात ना तो? पुण्याच्या संस्थेतले दोघे, तू आणि कारखानदार यांच्यापैकी एकानेही एकदासुद्धा वही घेतली नाही. तू मुद्दाम केलं नाहीस, ठाऊक आहे. माझ्या बाबतीतही कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पुढच्या बैठकीपासून पाळी लाव आणि प्रत्येक वाक्याला कर्ता दे : अमक्याने सुचवलं, अमकीने चाचणी घेतली, तमक्याचा आक्षेप होता. खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. निबंधात कुणाचं काय योगदान ते सांगण्यासाठी क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी हल्ली बरीच नियतकालिकं वापरतात. ती आजच भरून ठेव, दर तिमाहीला बदल. पहिलं नाव कुणाचं, हा वाद निम्मा तिथेच मिटतो.

आता पेटंट. तुझ्या मसुद्यात शोधक आणि अर्जदार यांची गल्लत आहे. शोधक म्हणजे ज्याच्या डोक्यातून शोध निघाला तो. अर्जदार तो किंवा त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती अथवा संस्था. विभागप्रमुख म्हणून, निधी आणला म्हणून, जागा दिली म्हणून कुणी शोधक होत नाही. मग कोण होतं? एप्रिलमध्ये तुझ्याबरोबर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आले होते, आठवतं? शेडमध्ये एवढा खडखडाट की तू माझ्या कानाशी ओरडत होतास. तुझा सेन्सर लूमच्या हादऱ्याने दर दहा मिनिटांनी सरकत होता आणि धागा न तुटताही लूम थांबत होता. तुम्ही तिघं लॅपटॉपवर फिल्टर बदलत होता. लूम दुरुस्त करणारे जॉबरमामा आले, जुन्या पट्ट्याचा रबराचा तुकडा कापला, ब्रॅकेटखाली सरकवला, एक बोल्ट किंचित ढिला केला आणि विडी प्यायला निघून गेले. अहवालाच्या अकराव्या पानावर ‘कंपनरोधक बैठक विकसित करण्यात आली’ असं आहे. परत कर्मणी!

पेटंटच्या दाव्यांमध्ये, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतो ते लिहिलेल्या कलमांमध्ये, ती रबराची बैठक आली, तर मामा शोधक आहेत. तू सांगितलेला तुकडा त्यांनी नुसता कापला असता, तर नसते. हा हिशेब दाव्यागणिक करायचा असतो, उपकाराची परतफेड म्हणून नाही. आणि शोधकाला डावलून, त्याच्या हक्काला बगल देऊन मिळवलेल्या पेटंटला कायद्याने आव्हान देता येतं.

मालकीचं त्याहून नाजूक. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ५० काढून वाच. वेगळा करार नसेल तर सहमालकांचे हिस्से समान आणि अविभाजित. सातबाऱ्यावर चार भावांची सामाईक नावं असावीत तसं. त्यातला प्रत्येक जण तो शोध स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकतो, बाकीच्यांना हिशेब न देता. पण दुसऱ्या कुणाला परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा, तर बाकीच्यांची संमती लागते. आता तुझ्या करारात बसवून बघ. कारखानदार सहमालक झाला, तर तो उपकरण बनवून वापरेल, विकेलही, आणि तुमच्या कॉलेजला एक रुपया देणं लागणार नाही. उलट तुम्हाला एखाद्या उत्पादकाला परवाना द्यायचा झाला, तर त्याच्या सहीवाचून पान हलणार नाही. कारखानदार भला माणूस आहे, पण त्याचा मुलगा कसा निघेल ते तुला-मला काय माहीत? त्या पाचपैकी तीन जागा या एका कलमाने भरतात.

आणि ती रील काढून टाक. उपकरण चालताना दाखवणारा व्हिडिओ पेटंट अर्जाआधी जगजाहीर केला, तर शोधाचं नावीन्यच धोक्यात येतं. परिषदेतल्या निबंधाला कायद्यात थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाक, मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, तेव्हा पैशाची सबब सांगू नकोस.

अर्जदारांत बाईचं नाव असलं तर पेटंटचं काम लवकर होतं का, हा तुझा प्रश्न मला आवडला नाही, तरी उत्तर देते. हो, २०१९ च्या नियमबदलापासून अर्जदारांत एक जरी स्त्री असली तर त्वरित परीक्षण मागता येतं. पण त्या वाटेने जायचं तर सगळे अर्जदार व्यक्ती असावे लागतात. कॉलेज अर्जदार असेल तर या कारणाने दार उघडत नाही. आणि ‘कुणाच्या तरी बायकोचं नाव घालू’ ही जी सूचना पुण्याहून आली, ती फेटाळ. ज्या मुलीने रात्र-रात्र बसून फर्मवेअर लिहिलं तिचं नाव मसुद्यात चौथं, आणि जिने लूम पाहिलेला नाही तिचं नाव सोयीसाठी पहिलं! गंमत अशी की खऱ्या बाईचं नाव गाळणारे आणि खोट्या बाईचं नाव घालणारे बहुतेकदा एकाच टेबलावर बसलेले असतात.

फर्मवेअर लिहिणाऱ्या त्या मुलीच्या नोंदी कमी आहेत, असंही तू लिहिलंयस. तासांचा तक्ता पाहिला. सकाळी नऊ ते बारा, रोज तेवढंच. मी तिलाच फोन केला. त्या शेडमध्ये बायकांसाठी संडास नाही. ४३ अंशांत ती सकाळपासून पाणी न पिता काम करते आणि बाराला रिक्षा करून घरी जाते. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका शेजारच्या घरात जातात, हिला ते घर माहीत नव्हतं. हे तू कधी विचारलं नाहीस आणि तिने सांगितलं नाही. करारात प्रयोगाच्या जागेच्या सोयींचं कलम घाल. रात्रपाळीच्या नोंदींना कोण जाणार, कसं परतणार, तेही लिही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती कॉलेजात आहे. तिची माहिती कारखान्याच्या भिंतीवरही लागू दे.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त खुपलेलं. तुझं उपकरण लूम कितीदा थांबला ते मोजतं. कारखानदाराने ‘कामगारवार’ अहवाल मागितलाय आणि तू ‘सोपं आहे’ म्हणून मोकळा झालास. विणकराची मजुरी नगावर असते. सूत हलकं, म्हणून धागा तुटतो, लूम थांबतो, त्याची मजुरी आधीच बुडते. त्यात तुझ्या तक्त्याने तोच आळशी ठरणार. नोंद लूमच्या नंबराने कर, माणसाच्या नावाने नको, आणि ती मजुरीसाठी वापरायची नाही हे करारात लिहून घे. कामगारांकडून जे संमतिपत्र घेतलंस ते इंग्रजीत आहे. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलतात, अंगठे आणि सह्या तेवढ्या छान आल्यात. ते सगळं पुन्हा कर. मराठीत आणि तेलुगूत, मोठ्याने वाचून दाखवून, आणि कारखानदार बाहेर असताना. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा लूम सोडून दे, दुसरे आहेत.

रविवारी घरी ये, वही घेऊन. फर्मवेअरवाल्या मुलीलाही आण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, करार मात्र जेवायच्या आधी बघू. आणि येताना जॉबरमामांचं पूर्ण नाव विचारून ये. अठरा पानांत ते मला कुठेच सापडलं नाही.

तुझी,
मॅडम