मोटरच्या आधी खुर्ची बघा

ताई, लेकीच्या व्हीलचेअरला मोटर जोडायचं ठरवलंत, छान केलंत. पण आधी सीट बघा. ती सैल असेल तर थांबाच. मी घाई केली होती. पहिल्याच उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर माझी लेक एका बाजूला कलंडली, कमरेचा पट्टा होता म्हणून निभावलं. थेरपिस्टकडून तिचं बसणं तपासून घ्या. घडीच्या खुर्चीला प्रत्येक मोटर चालत नाही, तेव्हा खुर्चीचं मॉडेल आणि मुलीचं वजन सांगून मोटर विकणाऱ्याकडून होकार लेखी घ्या.

पुढे जोडायच्या मोटरमुळे खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि ओढायचं काम एकट्या मोटरच्या चाकावर येतं. मुलांचं वजन कमी, त्यामुळे चढावर ते जागीच गरगरतं. दुकानातल्या फरशीवर हे कळत नाही. रॅम्पवर चालवून बघा.

सुरुवातीला एवढं सांभाळा:
- वेग चालण्याइतकाच, ताशी 4-5 किमी.
- मागे उलटू नये म्हणून लावलेली चाकं काढू नका.
- आधी थांबायला शिकवा, मग पळवायला.

सराव सोसायटीच्या आवारात, गाड्या कामावर गेल्या की. साचलेल्या पाण्यात मात्र अजिबात घालू नका. मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं असेल त्या दिवशी मोटर घरीच. मोठी बॅटरी, जास्त ताकद वगैरे सहा महिन्यांनी बोलू.