वहीतला तिसरा रकाना

ताई,

मी २६ वर्षांची, मूळची परभणी जिल्ह्यातली. पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दहा महिने झाले, कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये मैत्रिणीसोबत राहते. भाडं २४,०००, निम्मं-निम्मं. मैत्रीण तशी चांगली आहे, पण तीन आठवड्यांपासून तिच्या मावसबहिणीने हॉलमध्ये मुक्काम ठोकलाय. मला साधं विचारलंसुद्धा नाही. ओट्यावर माझ्या डब्यांना जागा नाही, कपडे वाळत घालायला बाल्कनी रिकामी मिळत नाही. वाद नको म्हणून मी गप्प बसते. लॅबमध्ये 'काय करायलीस' म्हटलं की सगळे हसतात. शेजारच्या काकू दहा महिन्यांत एकदाही बोलल्या नाहीत. सेकंड शिफ्ट करून साडेदहाला आले की वॉचमनकाका वही पुढे करतात (अॅग्रीमेंट मैत्रिणीच्या एकटीच्या नावावर आहे ना, पण त्याचं काही नाही, दोन मिनिटांचं काम). बँकेचं नवीन कार्ड परभणीच्या पत्त्यावर गेलं, ते पप्पांनी ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने पाठवलं. पुढच्या महिन्यात अॅग्रीमेंट संपतंय. हे शहर आपल्यासारख्यांना कधी आपलं म्हणणारच नाही, असं वाटतंय. परत जाऊ का?

*

बाळ,

तुझं मूळ पत्र याच्या चौपट आहे. त्यातलं दीड पान एकट्या मावसबहिणीला गेलंय. ती किती वाजता उठते, बादलीभर पाण्यात कसं भागवत नाही, तुझा शाम्पू कसा वापरते, सगळं वाचलं. पण मी परत परत वाचत बसले ती तू कंसात टाकलेली ओळ.

तसली वही आमच्याही गेटवर आहे. सुतळीने पेन बांधलेली, कोपरे मुडपलेली. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात 'कुणाकडे'. त्या तिसऱ्या रकान्यात तू काय लिहितेस गं? मैत्रिणीचंच नाव ना? म्हणजे दहा महिने, महिन्याला १२,००० रुपये मोजून, तू रात्री साडेदहाला मैत्रिणीला भेटायला जातेस. त्याखाली सहीपण करतेस. आणि मग मला विचारतेस की शहर आपलं का म्हणत नाही.

तुझ्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, ते छापताना मी गाळलं. 'तेव्हा वाटलं, आपण किती दिवस राहणार, कशाला नाव अडकवायचं.' म्हणजे मैत्रिणीने तुझं नाव टाळलं नाही, तूच टाळलंस. घर घेतानाच तू परत जायचं दार उघडं ठेवलंस, आणि आता त्या दारातून गार वारा येतोय म्हणून कुरकुरतेयस.

मला तुझी दया येईल असं तुला वाटलं असेल. मला आधी तुझ्या मैत्रिणीचं वाटलं. तुम्ही दोघी त्या घरात राहता, पण करारावर अंगठा एकटीने दिलाय. भाडं थकलं की फोन तिला जाणार. बाथरूमची टाइल फुटली, भिंतीला ओल आली, की डिपॉझिटमधून कापून घेणार तिच्याच. मुदत संपून घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्यात दुप्पट दराने नुकसानभरपाई आहे, तीही तिच्याच माथी. शिवाय बहुतेक करारांत 'दुसऱ्या कुणाला ठेवणार नाही' असं एक कलम असतं. तुझ्या मैत्रिणीच्या करारात ते असलं, तर तुला ठेवून ती दहा महिने ते मोडतेय. आणि तू तिला ओट्यावरच्या डब्यांवरून नावं ठेवतेस!

आता मावसबहीण. कागदाच्या हिशेबाने त्या घरात पाहुण्या दोघी आहेत, ती आणि तू. तुझी बोलायची हिंमत होत नाही त्याला तू 'वाद नको' म्हणतेस. मला तसं वाटत नाही. आपला इथे हक्क नाही हे तुला आतून माहीत आहे, म्हणून जीभ रेटत नाही. हक्काचं माणूस चौथ्या दिवशीच विचारतं, 'काय गं, किती दिवस आहेस?' हसत विचारतं, आणि समोरचीला रागही येत नाही.

मी १९८४ साली मुंबईत आले. दादरला एका बाईंकडे कॉटबेसिसवर राहायचे. आईची पत्रं यायची त्यावर माझं नाव, खाली 'द्वारा' आणि मग त्या बाईंचं नाव. मलाही ते सोयीचं वाटायचं. एकदा बाई गावी गेल्या होत्या आणि मी ऑफिसात. वडिलांनी पाठवलेली मनीऑर्डर घेऊन पोस्टमन आला. दाराला कुलूप. शेजारी विचारलं तर तिथल्या माणसाने सांगितलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. रोज जिन्यात मला बाजूला सरकून वाट द्यायचा तो माणूस. खोटं बोलला नाही, त्याला माझं नावच माहीत नव्हतं. मनीऑर्डर परत गेली. वडिलांना वाटलं पोरगी कुठे गायब झाली, आणि ते दुसऱ्या दिवशी रात्रीच्या एसटीने मुंबईत हजर. तुझं बँकेचं कार्ड परभणीला गेलं ते वाचताना मला ती मनीऑर्डर आठवली.

तर आता ऐक. पुढच्या महिन्यात करार संपतोय ना? नवीन करारात तुझं नाव घालून घे. चालू करारात मागून नाव चिकटवता येत नाही, नवीन करतानाच घालायचं. ही वेळ गेली की आणखी अकरा महिने त्या वहीत सह्या करत बसशील.

कोणी म्हणेल, अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू. नाही. हा अकरा महिन्यांचा घोळ कुठून आला ते सांगते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण महाराष्ट्रात ती पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमचा हा भाड्याचा करार, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्यांना धमकी म्हणून ऐकवू नकोस, स्वतःला माहीत असू दे म्हणून सांगितलं.

खर्चाचं म्हणशील तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. तुमच्या भाड्यावर अकरा महिन्यांचं सातशेच्या आसपास होईल, डिपॉझिटचा त्यात नावापुरता भाग. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एजंट काय घेईल ते वेगळं. मावसबहिणीने संपवलेल्या शाम्पूचा तू जितका हिशेब मांडलायस, त्यापेक्षा हा छोटा आहे. एजंट लॅपटॉप आणि थम्बचं मशीन घेऊन घरी येतो. आधार नंबर टाकायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. अंगठा पहिल्या फटक्यात लागत नाही, तुझा तर नाहीच लागणार, दिवसभर ग्लोव्ह्ज आणि सॅनिटायझर. ओल्या रुमालाने पुसून परत ठेव.

डिपॉझिटचा तुझा वाटा तू मैत्रिणीच्या खात्यात टाकलास, असं लिहिलंयस. घरमालकाच्या दृष्टीने तो तिचाच पैसा. नवीन करारात डिपॉझिटची रक्कम लिहिताना कुणाचे किती ते स्पष्ट लिहून घे आणि इथून पुढे तुझं निम्मं भाडं थेट घरमालकाच्या खात्यात जाऊ दे.

मैत्रिणीला कसं सांगायचं म्हणून घाबरू नकोस. मावसबहिणीचा विषय आधी काढू नकोस, नाहीतर तिला वाटेल सूड म्हणून कागद मागतेय. 'एवढे महिने तू एकटीने अंगावर घेतलंस, आता माझंही नाव घालू' एवढंच म्हण. मला वाटतं ती हुश्श करेल. नाही म्हणाली, तर मात्र तिला तुझे पैसे हवेत आणि तू नकोयस, आणि मग त्याच १२,००० मध्ये स्वतःच्या नावाने दुसरीकडे राहा. पण ते नंतरचं.

करार हातात आला की आधार आणि बँकेतला पत्ता बदल. पप्पांना परभणी स्टेशनवर ओळखीचा माणूस शोधत फिरायला लावू नकोस. गॅस, मतदार यादी, ज्याची गरज पडेल ते पुढे त्याच कागदावर होतं. पोलीस पडताळणीची माहिती घरमालकाला द्यावी लागते, तुझी दिली का ते विचारून घे. आणि कराराची प्रत सोसायटीच्या ऑफिसात स्वतः नेऊन दे, मैत्रिणीच्या हातून नको.

शेजारच्या काकूंचं मला विशेष काही वाटत नाही. दहा महिने त्या दाराशी कोण येतं-जातं हे बघत असतील, आणि तू जिन्यात मान खाली घालून मोबाइल बघत असशील. 'करायलीस'वर हसणाऱ्यांना हसू दे. तू मात्र ते बदलू नकोस, तुझ्या पत्रातली गोडी तेवढीच होती.

परत जाऊ का, हा प्रश्न मी घेतच नाही. जिथे तू अजून राहायला आलेली नाहीस, तिथून परत कशी जाशील? आधी ये. मग सहा महिन्यांनी जावंसं वाटलं तर मला पुन्हा लिही, तेव्हा बोलू.

आज रात्री एकच कर. घरमालक पुढच्या दोन रविवारी पुण्यात आहेत का ते मैत्रिणीकडून काढ. त्यांचा अंगठाही लागतो, आणि ते मुलाकडे बंगळुरूला गेले असले तर ते जुळवण्यातच तुमचा महिना जाईल.

— ताई