तुरुंगात घोडा कुठून आला?

प्रश्न असा आहे : बातम्यांत 'घटना सीसीटीव्हीत कैद' म्हणतात, मग कैद आणि तुरुंगवास एकच का? आणि 'तुरुंग' हा 'तुरंग' म्हणजे घोडा यावरून आला, हे खरं का?

सीसीटीव्हीचं आधी उरकून टाकू. मराठीत घटना टिपली जाते, चित्रित होते. ती 'कैद' होते हिंदीत, तिथूनच आपल्या वाहिन्यांनी ते जसंच्या तसं उचललं आणि ऐकून ऐकून कान किटले. बाकी, तुरुंग ही जागा, कैद ही अवस्था. म्हणून नजरकैद घरातही होते; तुरुंगवासाला तुरुंगच लागतो. झालं.

आता घोडा. तुरग, तुरंग म्हणजे वेगाने जाणारा. माणसाला कुठे जाताच येऊ नये म्हणून बांधलेल्या इमारतीला हे नाव कोण शहाणा देईल? 'पूर्वी कैदी पागेत ठेवत' ही मखलाशी चांगल्या विद्वानांच्या तोंडून ऐकली आहे. पुरावा मागितला की संस्कृतचा अभिमान पुढे येतो.

तुरुंग पोर्तुगीज आहे. मूळ शब्द 'त्रोंकु', म्हणजे झाडाचं खोड. पुढे गुन्हेगाराचे पाय अडकवायचं भोकांचं लाकूड, आणि मग ते लाकूड जिथे असे ती कोठडीच. खरी गंमत तर पुढेच आहे. माझ्या मते मराठीने हाच प्रवास आपला आपण केला : खोड, त्यावरून खोडा. दोन फळ्या, मधे घोट्यांपुरती भोकं. वरची फळी बसवून खीळ ठोकली की माणूस जागच्या जागी. हल्ली आपण खोडा फक्त दुसऱ्याच्या कामात घालतो, ते सोडा.

पोर्तुगीज गलबतं गेली तिथे तिथे हा शब्द उतरला. मलयाळममध्ये तुरुंक, मलय भाषेत तरुंकु. तिथेही कैदी पागेत ठेवत होते का? पगार, चावी, लिलाव पोर्तुगीज म्हटले तर कुणाचं काही बिघडत नाही, तुरुंगालाच तेवढी संस्कृत मुळं हवीत!

घोडा हवाच असेल तर तो 'कैद'मध्ये शोधा. अरबीत कैद म्हणजे बेडी, आणि जनावराच्या पायांना घालायचं बंधनही. आपला घोड्याचा पायबंद असतो ना, तेच. साधा अरबी कोश उघडला तरी सापडतं. पण त्यासाठी तो उघडावा लागतो.