मोसंबीच्या बागायतदारांना एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकवायचे, तर सुरुवात कुठून करावी?

हिमाचल प्रदेशातील सफरचंद बागायतदारांना एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे (म्हणजे निरीक्षण, मित्रकीटक आणि बागेची स्वच्छता यांवर भर देऊन गरजेपुरतीच फवारणी करण्याचे) जसे प्रशिक्षण दिले जाते, तसेच ते जालना जिल्ह्यातल्या मोसंबी उत्पादकांना देता येईल का, असे आपण विचारले आहे. याच भागात मोसंबीच्या शेतीशाळा (बागेतच भरणारे शेतकऱ्यांचे वर्ग) घेत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तत्त्व तेच राहते, पण तिथले वेळापत्रक इथे लागू पडत नाही. सफरचंदाचे झाड कडक थंडीत पूर्ण विश्रांती घेते आणि नंतर डोळे फुगणे, गुलाबी कळी, पाकळ्या गळणे असे टप्पे ठळकपणे पार करते. तिथला फवारणीचा तक्ता त्या टप्प्यांना बांधलेला असतो. आपल्याकडे झाडाला विश्रांती मिळते ती पाणी तोडून दिलेल्या ताणाने. कोणी अंबिया बहर (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) धरतो, कोणी मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा), त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन बागासुद्धा एकाच अवस्थेत नसतात. म्हणून इथे तारखांचा तक्ता वाटण्यापेक्षा नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, ओळखायला शिकवावे. सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या किडीची मादी कोवळ्या नवतीवरच अंडी घालते आणि पिल्ले तिथेच रस शोषतात. पाने जून झाली की त्या पिल्लांसाठी केलेली फवारणी वाया जाते, आणि ढालकिडे व क्रायसोपा हे किडींना खाणारे आपले मित्रकीटक मात्र तिच्यात मरतात. शेंड्यावर पांढऱ्या मेणचट धाग्यांत बसलेली पिल्ले आणि त्यांच्यात फिरणारी ढालकिड्याची अळी शेतकऱ्याला एकदा भिंगातून दाखवावी. बहुतेकांनी त्या अळीलाच आजवर कीड समजून मारलेले असते.

तरीही पहिला धडा सायलाचा घेऊ नये, फळगळीचा घ्यावा, कारण शेतकऱ्याच्या जिवाला लागलेला प्रश्न तो आहे. अंबिया बहराची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात गळू लागली की घबराट होते आणि दुकानातून तीन-चार औषधे एकत्र कालवून मारली जातात. अशा वेळी वर्ग सभागृहात न भरवता बागेत भरवावा, झाडाखालची गळालेली फळे सर्वांकडून वेचून घ्यावीत आणि गोणपाटावर त्यांचे ढीग लावायला सांगावेत. ज्या फळावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र आहे, दाबल्यावर त्यातून रस येतो आणि भोवती सडका गोल डाग पडलेला आहे, ते रसशोषक पतंगाचे. देठाकडून काळे पडत गेलेले फळ बुरशीचे. जमिनीलगतच्या फांदीवरचे, तपकिरी होऊन कुजलेले फळ बहुधा फायटोप्थोराचे, म्हणजे खोडातून डिंक गळवणाऱ्या डिंक्या रोगाच्याच बुरशीचे. आणि वरून निरोगी दिसणारे, अकाली पिवळे पडून गळालेले फळ बव्हंशी पाण्याच्या ओढाताणीचे किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेचे असते. कोणता ढीग मोठा आहे हे शेतकऱ्याने स्वतः पाहिले, की कोणते औषध मारू हा प्रश्न मागे पडतो आणि फळ का गळाले हा प्रश्न पुढे येतो. शेवटच्या ढिगाला कीटकनाशक लागूच पडत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रसशोषक पतंगाला पूर्ण एक वर्ग द्यावा. त्याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते, आणि पतंग अंधार पडल्यावर बागेत येऊन फळात सोंड खुपसतो. दिवसा झाडावर मारलेल्या फवाऱ्याने त्याचे काय बिघडणार? बांधावरच्या या वेली काढणे, संध्याकाळी बागेत धूर करणे, विषारी आमिष ठेवणे आणि गळालेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरणे, एवढेच उपाय खऱ्या अर्थाने चालतात, आणि तेही शेजारपाजारच्या सर्वांनी एकदम केले तरच. इथे एक अडचण पुस्तकात सापडत नाही: बाग उक्ती (झाडावरची सगळी फळे ठोक सौद्याने) विकली गेली की गळालेली फळे कोणी वेचायची? मालक म्हणतो बाग आता व्यापाऱ्याची, व्यापारी म्हणतो जमीन तुमची, आणि सडकी फळे तशीच पडून राहतात. सौदा ठरतानाच हे काम कोणाकडे ते बोलून घ्यायला शिकवणे, हेही कीड व्यवस्थापनच आहे असे मी मानतो.

खोडाची काळजी, बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) पावसाळ्याआधी व नंतर लावणे, कोळ्यांमुळे फळावर येणारा मंगू (सालीवरचे डाग), साल खाणारी अळी हे विषय हंगामानुसार ओघात येतात.

वर्गात कोणाला बसवावे, याचा विचार मात्र आधीच करा. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो फवारणी करतोच असे नाही. पंप पाठीवर सालगड्याच्या असतो आणि फळे वेचायला बायका असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा, म्हणजे औषध किती विषारी आहे त्या खुणेचा, अर्थ प्रत्यक्ष फवारणाऱ्याला ठाऊक असणे किती गरजेचे आहे ते साऱ्या राज्याने पाहिले. कृषी सेवा केंद्राच्या मालकालाही बोलवा; उधारीवर औषध देणाऱ्याचा सल्ला शेतकरी सहसा मोडत नाही.

फवारणी थांबवा, असे पहिल्याच दिवशी सांगू नका. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या लोकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या, अनेकांना त्या तोडाव्या लागल्या. वाचलेल्या बागेबाबत त्यांची जोखीम घेण्याची तयारी नसते आणि ते रास्तही आहे. बागेतल्या दोन ओळी मागून घ्या, तिथे निरीक्षण करूनच फवारणीचा निर्णय घ्या, उरलेल्या बागेत त्यांना हवे तसे करू द्या आणि दोन्हीकडचा खर्च व फळगळ एकाच वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. जालन्याजवळच्या खरपुडीचे कृषि विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे न ओळखलेला नमुना कोणाकडे न्यायचा हे ठरलेले असेल. अंबिया बहराच्या बागांसाठी पहिला वर्ग ताण सुटून नवती फुटण्याच्या सुमारास घ्यावा आणि तोडणी होईपर्यंत दर पंधरवड्याला त्याच झाडांपाशी पुन्हा जमावे.