युद्ध नव्हतं, तरी मेडल ऑफ ऑनर?

प्रश्न : अमेरिकेचं मेडल ऑफ ऑनर म्हणजे आपलं परमवीर चक्रच ना? मग जोसेफ नॉइल नावाच्या खलाशाला लढाई चालू नसताना ते कसं काय दिलं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आजच्या नियमाने नसतंच मिळालं. आपल्याकडे कसं, शत्रूसमोरच्या पराक्रमाला परमवीर चक्र आणि बाकीच्या शौर्याला अशोक चक्र असं सरळ वेगळं आहे, पण तेव्हाच्या अमेरिकन नेव्हीत तसं नव्हतं. हे पदक नेव्हीत 1861 ला सुरू झालं आणि 1864 च्या कायद्यात लिहिलं होतं की खलाशाने लढाईत किंवा आपलं काम करताना असामान्य धाडस दाखवलं तर ते द्यावं. ते "किंवा" फार महत्त्वाचं, कारण जहाजावर माणूस मरायला तोफगोळाच लागतो असं थोडंच आहे, साधा पाय घसरला तरी पुरे.

नॉइलच्या बाबतीत नेमकं तेच झालं. तारीख 26 डिसेंबर 1872, व्हर्जिनियातलं नॉरफोक बंदर, जहाज पॉवहॅटन. वायव्येचा सोसाट्याचा वारा, गारठा असा की हाडं गोठावीत, त्यात बर्फमिश्रित पाऊस पडून गेलेला. वॉल्टन नावाचा बोसन, म्हणजे आपल्या कोकणातले जहाजी ज्याला सारंग म्हणतात तो, नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, पाण्यात पडला. नॉइल तेव्हा खालच्या डेकवर होता, खलाशी झोपतात तिथे. त्याने वरून आरडाओरडा ऐकला, धावत वर आला, दोराचं टोक धरलं आणि नाळेखाली थेट पाण्यात उतरला. वॉल्टन बुडतच होता, त्याला त्याने पकडलं आणि बोट येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मला विचाराल तर उतरण्यापेक्षा हे धरून ठेवणं कठीण, असल्या पाण्यात बोटं काही मिनिटांत बधिर होतात हो! वॉल्टनला वर घेतलं तेव्हा त्याची शुद्ध जवळजवळ गेली होती. कॅप्टन क्रॉस्बीने वरिष्ठांना स्पष्ट कळवलं की नॉइल नसता तर हा माणूस वाचला नसता.

आणि नॉइल होता कृष्णवर्णीय, जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. अमेरिकेतली गुलामगिरी संपून जेमतेम सात वर्षं झालेली, हे डोक्यात ठेवून वाचा म्हणजे त्या कॅप्टनच्या पत्राचंही मोल कळेल.

पुढचं वाचून मात्र फार वाईट वाटतं. 1882 मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात नॉइल वारला, तिथल्याच कब्रस्तानात पुरला, दगडावर आडनावाचं स्पेलिंग चुकीचं आणि पदकाचा उल्लेखच नाही, त्यामुळे इतकी वर्षं तिथे कोण आहे ते कुणाला कळायचंच नाही. शेवटी शोध घेणाऱ्यांनी कबर हुडकली आणि 2011 मध्ये तिथे नवा दगड बसला, बरोबर नावाचा, पदकासकट.

शत्रूशी लढाई हवीच असा नियम 1963 ला झाला, त्यानंतर असं पदक नाही.